शिजलेल्या हळदीची चाचणी

मला राग लवकर येतो, हे आमच्या घरात जगजाहीर आहे. लवकर येणारा राग लवकर उतरतो, असं माझी आई म्हणायची, आणि बहुतेक वेळा ते खरंही असायचं. एका सरकारी योजनेने मात्र तिला खोटं पाडलं. त्या योजनेपायी आलेला राग काही वर्षं टिकला, आणि आज लिहायला बसले तर बघते तो, अजून गरमच आहे.

हिंगोली जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता. कार्यालयांना पाट्या लागल्या होत्या, पण आत खुर्च्या यायच्या होत्या. मी एम.एस्सी. भौतिकशास्त्र, आणि एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते. म्हणजे तास झाला तर पगार, सुट्टी लागली की घरी. आमच्या ह्यांचं नरसी रोडला फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप होतं. गेट, ग्रिल, पाण्याच्या टाक्या, पत्र्याचे दरवाजे. एक दिवस पेपरात जाहिरात आली: छोट्या उद्योजकांनी ऊर्जेच्या क्षेत्रात स्वतः संशोधन करावं, खर्च सरकार देईल. हे म्हणाले, "तुझं डोकं आन माझं वेल्डिंग. टाक अर्ज." लग्नानंतर ह्यांनी माझ्या डोक्याची घेतलेली ती पहिलीच दखल, म्हणून मी हुरळले. तिथेच फसले.

आमच्याकडे हळद कढईत शिजवायचे. कढई म्हणजे घरातली नव्हे, माणूस आत बसून अंघोळ करील एवढी. तिच्यात पाणी भरायचं, हळद ओतायची, वर हळदीचाच पाला दाबायचा आणि खाली तास-दोन तास लाकडं जाळत बसायचं. अर्धी अधिक धग कढईच्या कडेने आभाळात जायची. माझं म्हणणं साधं होतं. एवढं पाणी उकळायचंच कशाला? थोड्या पाण्याची वाफ करा, ती नळीतून हळदीच्या पिंपात सोडा. वाफ हळदीवर बसली की आपली सगळी उष्णता तिथेच टाकते. लाकूड कमी, वेळ कमी, आणि हळकुंड पाण्यात लोळून रंग सोडत नाही.

दिल्लीला मुलाखतीला गेले. समोर सात-आठ जण, पुढ्यात बिस्किटं. त्यांतल्या एकाने विचारलं, "मॅडम, इसमें नया क्या है? भाप तो सबको मालूम है." मी म्हटलं, "साहब, इडली आप पानी में उबालते हैं क्या?" कोपऱ्यात एक दक्षिणेकडचे गृहस्थ बसले होते, ते खो खो हसले. मला आजही वाटतं, मंजुरी भौतिकशास्त्राला नाही, त्या इडलीला मिळाली.

यंत्र झालं. खाली भट्टी, तिच्यावर पाण्याची बंद टाकी, टाकीवर कुकरसारखी शिट्टी, आणि नळ्यांनी जोडलेली दोन पिंपं. दिसायला ओबडधोबड, पण ह्यांचं काम पक्कं. आता हवी होती हळद. आणि हळद द्यायला कुणी तयार होईना! साखरा गावातले दोन मोठे बागायतदार माझ्या ओळखीचे, त्यांची पोरं माझ्या वर्गात होती. त्यांनी चहा पाजला, यंत्राचं कौतुक केलं आणि शेवटी म्हणाले, "म्याडम, सरकारचा पयसा हाय तर सरकारची हळद शिजवा. आमच्या वर्षाच्या पिकाचं वाटोळं काहून करता?" पुसेगावकडेही तेच. सगळ्यांचा एकच सूर: आधी दुसऱ्याची शिजवून दाखवा.

तो दुसरा कुणी भेटला नाही, दुसरी भेटली. साखऱ्याच्या पुढे एक तांडा आहे, तिथली एक बाई. पन्नाशीची, काटक, हातभर बांगड्या आणि तोंडाने माझ्यापेक्षा तिखट. तांड्यात आईला याडी म्हणतात. तिच्या सुना म्हणायच्या, म्हणून मीही तिला याडीच म्हणायला लागले. तिच्या नवऱ्याला मी काका म्हणत असे. ते बोलत कमी, मान जास्त हलवत.

त्यांनी विहिरीवर एक एकर हळद लावली होती. त्यांची ही पहिलीच लागवड नव्हे, दुसऱ्या वर्षाची. पहिल्या वर्षाची वाया गेली होती, आणि का गेली ते याडीने मला पहिल्याच भेटीत सांगून टाकलं. तिच्या घरी कढई नव्हती. गावातून भाड्याने आणायची. आणि भाड्याच्या कढईचा नंबर मोठ्यांच्या हळदीपासून सुरू होतो, तांड्यापर्यंत शेवटी येतो. तोवर काढलेली हळद ढिगात पडून तापली, सुकली, काळवंडली. बाजारात कुणी हात लावला नाही. मग दसऱ्यानंतर काकांना नव्या हळदीला पाणी द्यायला मागे ठेवून बाकी घर नेहमीप्रमाणे मुकादमाच्या टोळीबरोबर ऊसतोडीला गेलं, ते नुकतंच परतलं होतं.

"औंदा जायचं न्हाई," ती म्हणाली. "लई झालं. त्या पाचटात माजी एक सून बाळंत झाली बाई. तिथंच. थंडीत. औंदा हळद बराबर इकली तर मुकादमाला दारातूनच माघारी धाडते. तुमचं ते पिंप घेऊन या."

म्हणजे तिला माझं संशोधन, ऊर्जा-बचत वगैरेशी काडीचं देणंघेणं नव्हतं. तिला नंबर नको होता, बस. मला तेवढं पुरे होतं. आम्ही यंत्र तांड्यात नेलं. पाणी-नळ्या तपासायला एकदा रताळी शिजवून पाहिली. शिट्टी झाली तसा सगळा तांडा गोळा झाला, आणि रताळी बघता बघता फस्त. याडी ह्यांच्या मागे मागे फिरून विचारत होती, "मिस्तरी, ह्यो कशाचा नळ? शिट्टी किती झाल्या की इस्तू वढायचा?" ह्यांनी सगळं समजावून सांगितलं. हे माझ्याशी कधी इतकं समजावून बोलल्याचं आठवत नाही.

आता अट ऐका. चाचणी तज्ज्ञ समितीच्या डोळ्यांसमोर व्हायला हवी. कच्ची हळद त्यांच्यासमोर तोलायची, लाकूड त्यांच्यासमोर तोलायचं, भट्टी त्यांच्यासमोर पेटवायची. समिती आल्याशिवाय काडीही ओढायची नाही. ठीक आहे म्हटलं, येऊ द्या. त्यांनी तारीख दिली. मी याडीला सांगितलं, काकांनी हळद काढली, माती झटकून ढीग घातला, वर पाला टाकला. काढलेली हळद चार-पाच दिवस थांबते, पुढे थांबत नाही. तारखेच्या आदल्या संध्याकाळी एसटीडी बूथवाल्याचा माणूस घरी निरोप घेऊन आला: समिती येत नाही, मार्चअखेरची गडबड आहे, पुढची तारीख कळवू.

मार्चअखेर! हळदीला कॅलेंडर कळतं का? मी बूथवर जाऊन दिल्लीला फोन लावला. पलीकडून एक गोड आवाज म्हणाला, "मॅडम, थोडा अ‍ॅडजस्ट कर लीजिए." मी म्हटलं, "मी करते, हळद करणार नाही." आवाज तेवढ्याच गोडीने म्हणाला, "तो दूसरी हल्दी निकालिए." माझ्या तोंडून जे निघालं ते इथे लिहीत नाही. बूथवाला मात्र त्यानंतर मला आधी पाणी द्यायचा, मग फोन.

दोन दिवसांनंतरची नवी तारीख मिळाली, तीही हुकली. कुणा सदस्याच्या घरी लग्न होतं. आणखी दोन दिवसांनंतरची तिसरी तारीख मिळाली. इकडे ढिगात हात घातला तर आत ऊब लागायला लागली होती. दर वेळी मी गेले की याडी माझा हात धरून ढिगात घालायची. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिसऱ्या तारखेच्या आदल्या दिवशी फोन आला: उद्या नक्की, सकाळी दहाला पोचतो, दुपारी बाराला परत निघायचं आहे. मी धावत तांड्यात गेले. याडीला, काकांना, दोन्ही सुनांना समोर बसवून तीनदा सांगितलं. साहेब लोक येतील. त्यांच्यासमोर तोलायचं. त्यांच्यासमोर पेटवायचं. तोवर कशाला हात लावायचा नाही. याडीने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं मोटारसायकलवर निघालो. मागे तराजू बांधलेला, माझ्या मांडीवर थर्मामीटरची पेटी. तांडा दिसायच्या आधी वास आला. हळद शिजल्याचा तो वास ज्याने एकदा घेतलाय तो विसरत नाही. मी ह्यांच्या पाठीवर थाप मारून म्हटलं, "अहो, वास येतोय!" हे म्हणाले, "कुणीतरी शिजवत असंल." कुणीतरी! त्या मुलखात तेव्हा दुसऱ्या कुणाची हळद शिल्लक नव्हती.

अंगण झाडून सारवलेलं. यंत्राची भट्टी विझलेली, राख एका बाजूला ओढलेली. आणि समोर पांढऱ्या ताडपत्रीवर शिजलेल्या हळदीचा वाफाळता ढीग. सगळी. एक एकराची सगळी. याडी नवं लुगडं नेसून, हात धुऊन, पाहुण्यांची वाट बघत उभी होती. चेहऱ्यावर असं समाधान की जणू मुलीचं लग्न लागलं.

"याडी!" मी किंचाळले. "हे काय केलंस गं!"

"काहून वरडून राहिल्या बाई? समदी झाली. रातच्यापासून लागलो व्हतो आमी तिघी. एक बी कच्चं न्हाई, काडी घालून बघा."

"अगं पण त्यांच्यासमोर शिजवायची होती ना! मी तीनदा सांगितलं!"

"सांगितलं व्हतं," ती शांतपणे म्हणाली. "पर पाव्हणं दोन घंट्यासाठी येऊन राहिले. त्यांना उन्हात उपाशी बसवू अन् त्यांच्याम्होरं चूल फुकत बसू? लोकं तोंडात शेण घालतील माज्या. पाव्हणं यायच्या आत सैपाक तयार पायजे. शिजताना काय बघायचं असतं?"

मी डोक्याला हात लावून तिथेच खाली बसले. हे ढिगाजवळ गेले. मग त्यांनी ढिगातलं एक हळकुंड उचललं, काडी टोचली, मोडून बघितलं आणि हळूच म्हणाले, "पण बराबर शिजलंय गं. एकदम." मी म्हटलं, "तुम्ही तर बोलूच नका!"

मग याडी माझ्याजवळ येऊन बसली आणि खरं बोलली. "दोनदा न्हाई आले ते. आजबी आले नसते तर? आतून तापली व्हती बाई. म्या रोज हात घालून बघत व्हते." राग होता, पण तो तिच्यावर धरून ठेवता येईना.

समिती आली. दहाची नव्हे, एकच्या पुढची वेळ. तिघं जण: अध्यक्ष, कॅमेरा घेतलेला एक तरुण अधिकारी, आणि फायली सांभाळणारा एक. याडीने आधी हातावर पाणी घातलं, मग ज्वारीच्या भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा. अध्यक्षांनी दोनदा भरीत मागून घेतलं. जेवण झाल्यावर रुमालाने तोंड पुसून ते म्हणाले, "हं. चला, करा सुरू."

मी काय झालं ते सांगितलं. अध्यक्ष मराठीच होते, सज्जनही होते. सज्जन माणसावर चिडणं फार अवघड जातं. त्यांनी यंत्र बघितलं, ढीग बघितला, मान डोलावली आणि म्हणाले, "छानच. पण तांत्रिकदृष्ट्या आज चाचणी झालेली नाही."

याडी पुढे झाली. "सायेब, ह्या बघा, येवढ्या मोळ्या आणल्या व्हत्या, येवढ्या उरल्या. कढईला तर समद्या गेल्या असत्या."

"आणलेल्या किती होत्या ते आम्ही पाहिलेलं नाही, बाई," ते म्हणाले.

"मग परत पेटवू!" मी म्हटलं. "लाकूड तोला, पाणी तोला. रताळी घालू. वाफेला काय, रताळं काय आणि हळद काय!"

"मंजूर प्रस्ताव हळदीचा आहे, मॅडम. रताळ्याचा नाही."

एवढ्यात त्या कॅमेरावाल्याची नजर घरामागच्या लिंबाकडे गेली. तिथे सावलीत, पाल्याखाली झाकलेला एक छोटा ढीग होता. "ती कच्ची हळदच ना?" तो म्हणाला. "तीच शिजवा की."

ते बेणं होतं. पुढच्या लागवडीचे गड्डे. मी काही बोलायच्या आत याडी जाऊन त्या ढिगापुढे फतकल मारून बसली. तिच्या शेजारी मोठी सून, तिच्या शेजारी धाकटी, कडेवरच्या लेकरासकट. "बेण्याला हात लावू देणार न्हाई," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. सगळं संशोधन त्या गड्ड्यांवर तरून गेलं असतं, हे मला कळत होतं. आणि खोटं कशाला सांगू, क्षणभर माझ्या मनात आलंही: अर्धंच मागावं का? मग तिच्याकडे पाहिलं आणि जीभ चावली.

अध्यक्षांनी मध्यम मार्ग काढला. देव करो आणि कुणाच्या वाट्याला असे मध्यम मार्ग न येवोत! शिजलेला ढीग जसाच्या तसा झाकून सील करायचा. दोन दिवसांत प्रयोगशाळेचा माणूस येईल, नमुना नेईल, शिजण्याची प्रत तपासेल. ती चांगली निघाली तर चाचणी ग्राह्य धरता येईल का, याचा विचार करता येईल. मी म्हटलं, "साहेब, शिजलेली हळद लगेच उन्हात पसरावी लागते. ढिगात ठेवली तर आंबते." ते म्हणाले, "दोनच दिवस." फायलीवाल्याने ताडपत्रीला दोरी गुंडाळली, गाठीवर लाख ओतली, ठसा मारला. निघताना अध्यक्षांनी याडीला हात जोडले. भरीत फार छान होतं म्हणाले.

दोन दिवस झाले, माणूस आला नाही. तिसऱ्या दिवशी मी बूथवर. बूथवाल्याने पाणी दिलं. गोड आवाज म्हणाला, "फाइल ऊपर गयी है." मी विचारलं, वरून खाली कधी येणार? तो म्हणाला, साहब दौऱ्यावर आहेत. मी फोन ठेवला, घरी न जाता तशीच बस धरली, आणि साखऱ्याच्या फाट्यापासून ऊन डोक्यावर घेत तांड्यात चालत गेले. याडी ढिगाजवळ बसून होती. ताडपत्रीखालून आंबूस वास यायला लागला होता. तिने मला एवढंच विचारलं, "काय म्हणले?"

"विळा आण," मी म्हटलं.

ती बघतच राहिली. "सरकारचं सील हाय बाई. तुमचं काम जाईल."

"जाऊ दे खड्ड्यात! आण म्हणते ना!"

दोरी मीच कापली. तिला हात लावू दिला नाही, उद्या तिच्यावर यायला नको. मग सगळ्या जणींनी मिळून हळद पसरली. तळाची थोडी चिकट झाली होती, ती बाजूला काढली. बाकी सगळी सोन्यासारखी पिवळी. काका फावड्याने पसरत होते आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा स्वतःहून बोलले. म्हणाले, "वाचली."

ती हळद वाळली, पॉलिश झाली आणि हिंगोलीच्या बाजारात, मोंढ्यात गेली. मी मुद्दाम सोबत गेले होते. तिथल्या एका म्हाताऱ्या मुसलमान व्यापाऱ्याने हळकुंड मोडलं, हुंगलं, पुन्हा मोडलं आणि काकांना विचारलं, "किसने पकाया ये? एकदम बराबर पका है." काकांनी याडीकडे बोट केलं. याडीने माझ्याकडे केलं. मी कुणाकडे करणार? पण दिल्लीची सगळी समिती एका बाजूला आणि त्या म्हाताऱ्याचं ते वाक्य एका बाजूला. मोंढ्यातच मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून राग आला.

त्या वर्षी मुकादम दारातून माघारी गेला. याडीने त्याला चहासुद्धा दिला नाही, असं सुना सांगत होत्या. त्याआधी पावसाळ्याच्या तोंडाला तिने एकाऐवजी दोन एकर हळद लावली होती. मला ते कळलं तेव्हा मी खूश झाले. का लावली, हे विचारायला हवं होतं, पण ते सुचलं नाही.

दिवाळी होऊन गेली आणि पत्र आलं. नमुन्याशी छेडछाड झाल्याने प्रकल्प रद्द. अनुदानातून तयार झालेलं यंत्र ही सरकारी मालमत्ता, ती अमुक तारखेला गाडी येईल तेव्हा हवाली करावी. मी ह्यांना म्हटलं, "हॅ! गाडी येतेय कशाची. ह्यांच्या तारखा मला माहीत आहेत. हळद शिजून, वाळून, विकून होईल, तरी ह्यांची गाडी औरंगाबादच्या पुढे सरकायची नाही." यंत्र तांड्यातच होतं; याडीलाही मी हेच सांगितलं, काळजी करू नकोस म्हणून.

त्या सगळ्या काळात सरकारी गाडी एकदाच वेळेवर आली. सांगितलेल्या तारखेला, सांगितलेल्या वेळेला. ड्रायव्हरसोबत हमालही नव्हता. यंत्र टेम्पोत चढवायला काकांनी, ह्यांनी आणि दोन्ही सुनांनी खांदा दिला. याडी बाजूला उभी होती. टेम्पो गेल्यावर म्हणाली, "दोन एकर लावली बाई. त्या पिंपाच्या भरवशावर."

मी त्या ड्रायव्हरला, अध्यक्षांना, गोड आवाजाला, लाखेच्या ठशाला, सगळ्यांना शिव्या दिल्या. घरी येईपर्यंत देत होते. हे मोटारसायकल चालवत ऐकत होते. वर्कशॉपच्या दारात थांबून म्हणाले, "झालं का बोलून? दुसरं करू. आपलं. कुणाच्या बापाचं न्हाई."

पण दुसरं करायला जाड पत्रा हवा, शिट्टीचा वॉल्व्ह हवा, आणि पोट भरायला दिवसा गेट-ग्रिल करायचेच होते. माझे तास त्या वर्षी कॉलेजने कमी केले. हळद निघायची वेळ आली तेव्हा आमची टाकी अर्धीच झाली होती. याडीने गावातली कढई सांगितली. नंबर शेवटचा. दोन एकराची हळद, आणि उन्हाळा त्या वर्षी आधीच कडक. वरचा ढीग सुकला, आतला तापला. शेवटी शिजली ती घाईत शिजली. काही विरघळली, काही कच्ची राहिली आणि पोत्यातच भुंगा लागला. मोंढ्यात त्याच म्हाताऱ्याने हळकुंड मोडून पाहिलं आणि परत पोत्यात टाकलं.

त्यानंतर मी तांड्यात गेले नाही. कुठल्या तोंडाने जाणार? आणि मनाशी ठरवलं होतं, आता हिला शब्द द्यायचा नाही, आशा लावायची नाही. यंत्र पूर्ण होईल, शिट्टी वाजेल, मगच जाऊन सांगायचं. ह्यांनी दोनदा म्हटलं, "निरोप तरी धाड, करून राहिलो म्हणून." मी म्हटलं, "नाही. तारखा देणाऱ्यांतली मी नाही." पावसाळा गेला. दसऱ्याच्या पुढे-मागे शेवटचा जोड बसला. अंगणात पाणी भरून पेटवलं, आणि शिट्टी झाली. पहिल्या यंत्रापेक्षा चांगलं झालं होतं. वजनाला हलकं, एका बैलगाडीत बसणारं. हे म्हणाले, "आता तरी जाशील?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने गेले. रस्त्यात समोरून दोन ट्रक आले, भांडी, पत्रे, कोंबड्या आणि माणसांनी भरलेले, ऊसतोडीला निघालेले. मी खिडकीतून मान बाहेर काढून चेहरे बघितले. ओळखीचं कुणी दिसलं नाही, बरं वाटलं. फाट्यावर उतरून जवळजवळ पळतच तांड्यात शिरले. आणि याडीच्या दाराला काट्या लावलेल्या.

शेजारच्या ओट्यावर एक म्हातारी तूर निवडत बसली होती. मी विचारलं, "हे कुठं गेले?" मला माहीत होतं, तरी विचारलं.

"उसाला," ती म्हणाली. "मुकादम आला व्हता. याडी लई दिवस न्हाई न्हाई म्हणत व्हती. कुणाची तरी वाट बघून राहिली व्हती वाटतं. मंग गेली."

"कधी?"

"काल. काल यायचं व्हतं बाई तुमी."

मी तोंड उघडलं, नेहमीसारखं. शिवी तोंडात आली होती. ती कुणाला द्यायची, तेच कळेना.